चार किलो दोनशे ग्रॅम

पाली
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

वहिनी, जय भीम.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मिश्री सोडून मला तीन महिने झाले, असं मी लिहिलं होतं. तीन महिने नव्हे, सव्वीस दिवस झाले होते. लिहिताना वाटलं, पत्र पोचून तुमचं उत्तर येईपर्यंत तीन महिने होतीलच की. पण पत्र पेटीत टाकून घरी आले आणि त्याच दुपारी पुन्हा लावली. म्हणजे तुम्ही ते वाक्य वाचलंत तेव्हा सव्वीस दिवसही खरे उरले नव्हते.

तुम्ही फोनवर पालीचे सगळे नंबर ब्लॉक करून ठेवलेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला पत्रच बरं पडतं. अण्णांनी मला अक्षरं शिकवली तीच मुळी पत्त्यांवरून. टपाल वाटून आले की पोस्टाची पिशवी ओट्यावर रिकामी करायचे आणि एकेक पाकीट पुढे धरायचे. "वाच. गाव कोणतं? तालुका कोणता? तू चुकलीस तर ह्याचं पत्र दुसऱ्याच्याच दारात पडंल." शाळेत नाव घालायच्या आधी मला गेवराई, सिरसाळा, आष्टी वाचता येत होतं. आपल्या चुकीनं कुणाचं तरी काहीतरी भलत्या दारात पडेल, ही भीती मला तेव्हापासून आहे.

मी मिश्री लावते हे तुम्हाला मागच्या पत्रातच पहिल्यांदा कळलं असेल. घरात छबुआत्याशिवाय कुणालाच माहीत नाही. अकराव्या वर्षी माझी दाढ सुजली होती. आत्यानं बोटावर चिमूटभर घेऊन हिरडीला चोळली. "लगेच थुकू नगं. दम धर जरा." ठणका थांबला. पुढे ती दाढच काढून टाकली, मिश्री तेवढी राहिली. आता मी चोवीस वर्षांची आहे.

आत्या अंगणात तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजते, कुटते, चाळून स्टीलच्या डब्यात भरते. ती लावते ते दात घासणं. तेच बिनलग्नाच्या पोरीनं लावलं तर चाळे. आणि सुनेनं लावलं तर काय म्हणतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझे सव्वीस दिवस वजनानं मोडले. पोलीस भरतीच्या अकॅडमीत दर रविवारी बबनराव सर आम्हा मुलींना काट्यावर उभं करतात. मी चोपन्न किलो होते. सव्वीस दिवसांत अठ्ठावन्न किलो दोनशे झाले. सकाळी मिश्री लावली की भूक मरते, दुपारपर्यंत एका भाकरीवर निघतं. सोडली की भूक अशी लागते की शेंगदाण्याच्या डब्यात हात गेला की बाहेर येत नाही. पोट साफ होत नाही ते वेगळंच. चार किलो दोनशे ग्रॅम घेऊन आठशे मीटर पळायचं म्हणजे काय, ते पळणाऱ्यालाच कळतं.

आईला तुमच्या कपाटात मिश्रीची डबी सापडली त्या दिवसाबद्दल मागच्या पत्रात लिहिलं आहे, की मी तेव्हा घरी नव्हते. ते पुन्हा लिहीत नाही.

तुमची चिमी आता पळत असेल. आई तिच्याबद्दल विचारत नाही. पण तिनं एक लोकरीचं टोपडं विणलं आहे, आणि अंदाजानं दोनदा उसवून मोठं केलं आहे.

यशोधरा

पाली
रविवार, १ मार्च २०२६

वहिनी,

पुन्हा सोडली होती. १६ फेब्रुवारी ते २६ फेब्रुवारी, अकरा दिवस. दोन्ही तारखा धरून.

तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं. वरणात मीठ कमी पडलं म्हणून मी आईवर ओरडले. ती काही बोलली नाही, मीठ आणून पुढे ठेवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी गूळ खाल्ला, सहाव्या दिवशी पुन्हा गूळ. परीक्षा, मैदान, सांगून आलेलं एक स्थळ, या सगळ्यांचा विचार पूर्वीही यायचा. पण तोंडात मिश्री असली की पंधरा मिनिटं कुणाशी बोलावं लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. त्या पंधरा मिनिटांची सवय जास्त वाईट आहे असं मला आता वाटतं.

धरणाकडच्या रस्त्यावर आमची टायमिंग घेतात. तीन मिनिटं दोन सेकंदांवरून मी तीन अकरावर आले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं, पाठीला पोतं बांधून पळतीस का?" मुली हसल्या. माझ्याबरोबर पळणारी वैष्णवी, तिला मी खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "येडी का खुळी तू? भरती होईपतोर कशाला सोडतीस? पोलीस झाल्यावर सोड. पोलिसाचं पोट कोण बघतंय?" मलाही हसू आलं. आणि तेच खरं मानून मी २७ तारखेला लावली.

आज सकाळी विहारात वंदना होती. आईनं नेहमीसारखं मला पुढे बसवलं. बायका माझ्यामागून पंचशील म्हणतात. पाचवं शील आलं की माझी जीभ जड होते. त्यात मद्याचं नाव आहे, मिश्रीचं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण घरून निघताना मी तीनदा चूळ भरते. शील मोडत नसेल तर मग चूळ कशाला भरते?

वंदनेनंतर शेजारच्या विमलबाईंनी आईला विचारलं, "सून कधी येती हो सिंधुबाई?" आई म्हणाली, "तिचं तिला ठाऊक." आणि सतरंजीची घडी घालायला लागली. ती घडी तिला नीट जमत नव्हती.

घरी आल्यावर आत्याच्या डब्यात हात घातला तर ती मागेच उभी.

"म्हंजी पुन्यांदा लावली व्हय? बरं झालं. मला वाटलं डब्यातली चोरनारा उंदीर मेला."

"आत्या, आईला सांगशील का गं?"

"मी कावून सांगू? सांगायचं असतं तर सव्वा वरीस झालं, तवाच सांगितलं असतं."

मी डब्याचं झाकण लावून आत गेले. आज इतकंच लिहिते. मैदानी चाचणीची तारीख लागायची आहे. ती झाली की मी नक्की सोडणार.

यशोधरा

पाली
रविवार, २२ मार्च २०२६

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. पाठ झालं आहे. "यशू, तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तू दिवस मोजून लिहितेस, किलो मोजून लिहितेस. डबी कुणाची होती तेवढं लिहीत नाहीस."

डबी माझी होती.

हे लिहून मी दोन तास उठून गेले होते. आता पुढचं लिहिते.

मी घरी नव्हते हे खोटं आहे. मी मोरीत होते. पडद्याआड, तोंडात मिश्री धरून.

चिमी दोन महिन्यांची होती. तिची दुपटी ठेवायला आई तुमच्या कपाटातला खालचा खण आवरत होती आणि विमलबाई दारात बसल्या होत्या. बामाची डबी दिसली तेव्हा आई खूशच झाली. "बाई बाई, बाम हितं हाय व्हय! माजा गुडगा कालपून ठणकतोय." मग तिनं डबी उघडली.

डबी तुमच्या कपाटात मी ठेवली होती. तुम्ही बाळंतीण असल्यामुळे त्या कपाटाला कुणी हात लावत नसे. म्हणून. एवढाच विचार केला होता मी. सापडली तर ती कुणाच्या नावावर जाईल, हा विचार केला नव्हता. तुम्ही म्हणाल, पत्ते वाचणाऱ्या पोरीनं हा विचार करायला हवा होता.

आईनं हाक मारली, "यशू, ही डबी कुणाची गं?" मी आतून "उं" केलं. तोंड उघडलं असतं तर काळी लाळ हनुवटीवर आली असती. एवढ्यात तुम्ही चिमीला घेऊन आलात आणि म्हणालात, "माझी न्हाई आई." आई म्हणाली, "मग काय तिला पाय फुटले?" आणि विमलबाई म्हणाल्या, "तरीच पोरगी मुठीएवढी आली."

डॉक्टरांनी तुमच्या बीपीमुळे लवकर बाळंत करावं लागलं असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आईनंही ते ऐकलं होतं. पण एक किलो चारशे ग्रॅमचं लेकरू बावीस दिवस काचेच्या पेटीत बघितल्यावर तिला दोषी धरायला कुणीतरी हवं होतं. डबी हातात आली, तुम्ही समोर होतात.

मी थुंकले. तीनदा चूळ भरली. एकदा भरून बाहेर आले असते तरी चाललं असतं, पण वास राहतो म्हणून तीनदा भरली. बाहेर आले तेव्हा आई जे बोलायचं नाही ते सगळं बोलून गेली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी विचारलं, "काय झालं?"

वहिनी, त्या घरात त्या दिवशी बरंच वाईट बोललं गेलं, पण सगळ्यांत वाईट ते दोन शब्द होते. आई चुकून बोलली. मी जाणूनबुजून विचारलं.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं माहेरी उमापूरला गेलात. त्यानंतर दादा पुण्याहून सुट्टीला येतो तो तुमच्याकडेच, पालीला नाही. आई म्हणते, सुनेनं पोरगा नेला. हेही पत्र भलत्याच दारात पडलं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी द्यावं लागेल.

यशोधरा

पाली
बुधवार, १५ एप्रिल २०२६

वहिनी,

तुमचं पत्र दोन तारखेला आलं. मी लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण मला उत्तराऐवजी काहीतरी करून दाखवायचं होतं. काल ते करायचं होतं. केलं नाही.

तुम्ही लिहिलंत, "मला सांगून काय केलंस? डबी माझी नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग." मला वाटलं होतं, तुम्हाला लिहिणं हीच सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. ती करून मी हलकी झाले होते. तीन-चार दिवस छान जेवले, सरांनी टायमिंगचं कौतुक केलं. तुमचं वाक्य वाचलं तेव्हा कळलं की मी सोपी गोष्ट केली होती. तुम्ही इथून साठ-सत्तर किलोमीटर लांब आहात. आई चार पावलांवर आहे.

आणि वजनाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी कापून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं आहे. "चिमी नऊ किलो शंभर झाली. अंगणवाडीच्या काट्यावर तिला ठेवते तेव्हा मी श्वास धरून उभी असते, वाढावं म्हणून. तू श्वास धरतेस, वाढू नये म्हणून. भूक लागली तर जेव. कुणी भाकरी खाल्ली म्हणून वाईट झालेलं मी बघितलं नाही." तुम्ही माझ्यावर इतक्या चिडलेल्या असताना मला जेवायला सांगितलंत.

आता कालचं. १४ एप्रिलला मी मिश्री सोडणार आणि आईला सांगणार असं ठरवलं होतं. जयंतीचा दिवस, त्याहून मोठा दिवस आपल्याला कोणता? सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार होती. तिनं खीर केली होती. निळा झेंडा लावताना अण्णांना शिडी धरायला मला बोलावलं. पाहुणे आले, मिरवणूक आली, आई गर्दीत हसताना मी किती दिवसांनी बघितली. मी म्हटलं, आज नको, आजचा दिवस तिचा खराब कशाला करू? रात्रीपर्यंत दोनदा लावली होती.

आधी आठ मार्च ठरवला होता, महिला दिन म्हणून. तेव्हा अकॅडमीत कार्यक्रम होता. आता मनात लगेच एक मे आला. बुद्धपौर्णिमा आहे. आई म्हणालीच आहे की पौर्णिमेला पंचशील यशूच देईल. बघा कसं आहे. मोठ्या दिवसाला माणसं जास्त असतात, कामं जास्त असतात, आणि लपायला जागाही जास्त असते. म्हणूनच मी मोठे दिवस निवडते.

आज सकाळी आत्याला म्हटलं, "आत्या, मी आईला सांगणार आहे."

ती तवा घासत होती. म्हणाली, "सांग की. मला कशाला सांगतीस? मला ठावं हाय."

तुम्ही दोघी एकच बोलता.

मग जरा वेळानं म्हणाली, "माजं नाव घे. पयली चिमूट मीच लावली म्हनावं. तुज्या एकटीच्या अंगावर नगं." मी म्हटलं, दाढेपुरतं घेईन. डबीपुरतं नाही.

यशोधरा

पाली
रविवार, १९ एप्रिल २०२६

वहिनी,

हे शेवटचं असं पत्र, ज्यात मी काय करणार ते लिहिते आहे.

मैदानी चाचणीची तारीख लागली. ७ मे. आज काट्यावर चोपन्न किलो नऊशे भरले. सरांना म्हटलं, पुढचे तीन आठवडे मला काट्यावर उभं करू नका. ते म्हणाले, "का? फुगायचा इचार हाय का?" मी म्हटलं, "हो सर, बहुतेक." आता सोडली तर सात तारखेपर्यंत डोकं दुखणं थांबलेलं असेल, पण दोन-तीन किलो वाढलेले असतील, पाच-सात सेकंद जास्त लागतील. तेवढ्यानं यादीतून नाव जाऊ शकतं. मी हे सगळं कागदावर मांडून बघितलं. आठ मेपासून सोडायचं, असंही एकदा लिहून बघितलं. ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. १ मार्चच्या पत्रात तेच आहे.

चाचणी नापास झाले तर पुढच्या भरतीला पुन्हा पळेन. तुमचं नाव जवळजवळ दीड वर्ष नापास पडलं आहे, ते पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

मागचं पत्र टाकायला अण्णांकडे दिलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखा पत्ता वाचला. अण्णांनी उभ्या जन्मात दुसऱ्याचं पत्र उघडलेलं नाही. पण आमच्या घरातून उमापूरला चार महिन्यांत इतकी पाकिटं गेली, हे त्यांच्याशिवाय कुणी मोजलं असेल? पाकीट हातावर तोलून म्हणाले, "पत्ता बराबर हाय, पोरी. पन जड झालंय. ह्यातलं थोडं हितंच द्यायचं हाय का?" मी मान हलवली. "मग तेवढं हितं दी. मोकळ्या हातानं दी." आणि सायकल काढून गेले.

आईला कळल्यावर ती काय करेल, मला माहीत नाही. ती रडली तर मला सहन होईल. ती गप्प राहून मीठ पुढे ठेवेल, त्याची भीती वाटते. तुम्ही परत यावं म्हणून मी हे करत नाही, हे लिहून ठेवते. तुम्ही आलात नाही आलात, तो तुमचा प्रश्न. टोपडं मात्र आईला टपालानं पाठवायला सांगेन. तिसऱ्यांदा उसवावं लागेल, नऊ किलोच्या लेकराचं डोकं आईच्या अंदाजापेक्षा मोठं असणार.

दिवस मी साधाच निवडला आहे. त्या दिवशी कुणाची जयंती नाही, पौर्णिमा नाही, वंदना नाही. त्या दिवशी फक्त नळाला पाणी येतं. आई आणि विमलबाई दोघी सकाळी हंडे घेऊन दारातच असतात. जे दोघींनी ऐकलं ते दोघींनाच सांगायला हवं. मी सव्वासातला पळून येते आणि सरळ मोरीत जाते. त्या दिवशी मोरीत जाणार नाही. नळापाशी जाईन. हातात बामाची डबी असेल आणि तोंडात काही नसेल. पहिलं वाक्य ठरलं आहे: "आई, ही डबी माझी. तीही माझीच होती."

हे पत्र उद्या सोमवारी पेटीत पडेल. अण्णा म्हणतात, उमापूरला बुधवारी पोचेल. म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा तो दिवस होऊन गेलेला असेल. पहिल्या पत्राच्या वेळी तुम्ही वाचलंत तेव्हा लिहिलेलं खोटं होऊन गेलं होतं. या वेळी तसं झालं असेल, तर हे पाकीट जसंच्या तसं सिंधुबाई, मुक्काम पाली, या पत्त्यावर पाठवून द्या. अण्णा घरपोच देतील.

तो दिवस म्हणजे मंगळवार, २१ एप्रिल. सकाळी साडेसात.